चार हात लांब, पण कोणापासून?

‘चार हात लांब राहा’ हे आपण कोरोनाच्या कितीतरी आधीपासून म्हणत आलो आहोत. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. चार हात म्हणजे सहा फूट. २०२० साली टीव्हीवर आणि फोन लावला की कानात ‘दो गज की दूरी’ म्हणून जे ऐकू यायचं, ते हेच माप. माप आपल्या घरातलंच होतं. ते कुठे लावायचं, तिथे मात्र आपण चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं गडबडलो. सरकारही गडबडलं, त्याचं पुढे सांगतो.

मोहफुलाचं घ्या. २४ मार्चच्या मध्यरात्री देश बंद झाला तेव्हा आपल्याकडे मोह गळत होता. पहाटे टोपली घेऊन बाई रानात जाते. या झाडाखाली एक घर, त्या झाडाखाली दुसरं. मध्ये चार हात कसले, चाळीस हात. वर आभाळ, अंगावर वारा. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी याहून वाईट जागा नाही. (वाघाची भीती असते, पण ती नेहमीचीच.) तरी त्या दिवसांत रानात जाताना बाया भीत होत्या, कोणी हटकेल म्हणून. आणि त्याच गावात कोणी वारलं की एका खोलीत तीस-चाळीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, मागून तेरवीची पंगत उठायची. तिथे कोणी कोणाला हटकलं नाही. दुःखाच्या घरी नाही कसं म्हणायचं?

काळीपिवळीत मी स्वतः काय केलं तेही सांगतो. मागे दहा माणसं, मांडीवर एक पोरगं, पावसामुळे पडदे खाली ओढलेले. नाका दिसला की ड्रायव्हर ओरडायचा, ‘मास्क लावा जी!’ सगळ्यांचे दुपट्टे, मास्क नाकावर. नाका मागे पडला की सगळ्यांचे हनुवटीवर, माझाही. मी मास्तरकी केलेला माणूस, पोरांना श्वसनसंस्था शिकवलेली. तरी त्या तासाभरात मी पोलिसापासून वाचत होतो, रोगापासून नाही.

खरी चूक ही होती. नियम कशासाठी आहे हे सुटलं आणि नियम कोण बघतंय एवढंच उरलं. रोग श्वासावाटे बाहेर पडतो, बंद खोलीत साचतो, उघड्यावर विरून जातो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं असतं तर निम्मे नियम आपले आपल्यालाच सुचले असते. पण सांगणाऱ्यांनीही ते उशिरा सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल साध्या शब्दांत लिहायला एप्रिल २०२१ संपत आला. तोवर आपण भाजीच्या पिशव्या धूत होतो आणि खिडक्या लावून घेत होतो.

आता सरकारचं. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, किराणा दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवायचा हुकूम आला. गिऱ्हाईक तेवढंच, तेल-मीठ तेवढंच लागणार, आणि वेळ चार तास. दिवसभरात विखरून येणारी माणसं पावणेअकराला एकाच काउंटरवर येऊन आदळली. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, जास्त झाल्यास ५० हजार दंड. आकडे ठीक होते, पण ते मंडपातच मोजले जायचे, आदल्या रात्रीची हळद कोण मोजणार? मग ३ जून आला. तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार, म्हणजे आपल्याच ब्रह्मपुरीचे आमदार, यांनी १८ जिल्ह्यांतले निर्बंध उठणार असं जाहीर केलं. काही तासांत सरकारकडूनच खुलासा आला की असा अंतिम निर्णय झालेला नाही. पुढे दोन दिवसांत निर्बंध पाच स्तरांत वाटणारा आदेश निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला. एका दिवसात ‘उघडलं’ आणि ‘नाही उघडलं’ दोन्ही ऐकलेल्या माणसाने तिसऱ्या हुकुमावर किती विश्वास ठेवावा? मी सरकारला शिव्या घालायला बसलेलो नाही, रोग नवा होता, चुका होणारच. पण हुकूम रोज बदलत असतील तर आपल्याजवळ न बदलणारं काहीतरी हवं, एवढंच म्हणणं.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. आपल्या मूल, सावली, गोंडपिपरीकडची आणि गडचिरोलीची माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. टाळेबंदीत ती तिकडे अडकली. कित्येक जण रानवाटांनी चालत परतले. गावाच्या शिवेवर लाकडं आडवी टाकलेली. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवलं, एका वर्गखोलीत दहा-दहा, पाण्याला एकच हातपंप. त्याच आठवड्यात पुण्याहून स्वतःच्या गाडीने आलेल्या मुलाच्या हातावर शिक्का बसला आणि तो घरी गेला, संध्याकाळी पारावर गप्पा मारताना दिसला. केंद्राच्या १ मे २०२० च्या यादीत गडचिरोली हिरव्या पट्ट्यात होता. हा हिरवा रंग जपायचा म्हणून सगळा धाक पायी आलेल्यांवर, गाडीतून आलेल्यांवर नाही. विषाणूला मात्र पायी कोण आणि गाडीत कोण हे कळत नाही.

शाळेतल्या त्या मजुरांना भाकरी द्यायची झाली तर ती फाटकाबाहेर ठेवून लोक मागे सरत. अंतर ठेवलं ते बरोबरच. पण पुढे १४ दिवस उलटून ती माणसं घरी आली तरी त्यांच्या हातचं पाणी नको म्हणणारी घरं होती. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या गावच्या मुलखाला ‘लांब ठेवणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. चार हात रोगापासून धरायचे, तेही रोग आहे तोवर. माणसापासून धरलेलं अंतर मागाहून निघत नाही.

सगळं वाईटच झालं असंही नाही. त्याच मे महिन्यात, तेंदूपत्ता जमा होतो त्या एका फळीवर मी उभा होतो. उघडं मैदान, पुडके रांगेत मांडलेले, प्रत्येक घराची रांग वेगळी, मोजणारा मुन्शी काठी घेऊन रांगेतून फिरतोय. माणसं आपोआप लांब. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे मुन्शीभोवती गोळा. तेव्हा गावातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, जो तो आपापल्या पुडक्यांजवळ बसा, मुन्शी तुमच्याकडे येईल. आला की मुन्शी! पैसे वाटायला पाऊण तास जास्त लागला असेल. कुठल्याही हुकुमात ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणून विनंती आहे. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, असं म्हणणारा हा मुलूख आहे. बांबू कोणाला विकायचा, तेंदूचा लिलाव कसा करायचा, हे इथल्या ग्रामसभा बसून ठरवतात. साथीचंही तसंच ठरवा, आणि साथ नसताना ठरवा, डोकं थंड असताना. आठवडी बाजार लांबट मैदानात कसा भरवायचा. बाहेरून आलेल्यांनी कुठे राहायचं, त्यांच्या पाण्याची आणि जेवणाची सोय कोण करणार. मयताला कोण कोण बसणार आणि तेरवी पुढे ढकलायची की नाही. काळीपिवळीत पडदे वर राहतील, पाऊस आला तरी. पाच-सहा ओळी पुरतात. त्यात एक ओळ अशी घाला की हे सरपंचाच्या घरालाही लागू, पुण्याहून येणाऱ्या पोरालाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शहरात राहत असाल तर मोहल्ल्याच्या बैठकीत घ्या. ठराव लिहा, वाचून दाखवा आणि त्याची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा.