पन्नास तासांचा हिशोब

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. ही अपेक्षा रास्तच आहे. वकिलाला नवा कायदा आणि डॉक्टरला नवे औषध ठाऊक असावे लागते; मग लहान मुलांच्या घडणीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने पदविका हाती पडताच पुस्तक मिटून ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा वाद तासांच्या संख्येचा नाही. ते तास कोणत्या मार्गाने शिक्षकापर्यंत पोहोचवायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो सोडविताना शिकणाऱ्याच्या गरजेपेक्षा शिकविणाऱ्याची सोय आधी पाहण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे.

यातला जुना मार्ग पायरीपायरीचा. राज्याच्या पातळीवर थोड्या तज्ज्ञ मार्गदर्शकांना तयार करायचे, त्यांनी जिल्ह्यात शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला आणि तालुक्याने केंद्राला. माणसे एकत्र बसतात, शंका विचारतात, हा या पद्धतीचा गुण. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत असते त्याला पाणी किती मिळते, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. पुण्यात दहा दिवस चाललेला विषय तालुक्यात तीन दिवसांवर आणि केंद्रात एका दुपारवर येतो; आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या पदरी चहा, टिपणे आणि हजेरीपटावरील सही एवढेच पडते.

दुसरा मार्ग पडद्यावरचा. २०१९ साली सुमारे ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झालेला ‘निष्ठा’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम प्रथम समोरासमोरच्या वर्गांतून चालला; महामारीमुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून तो ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर गेला. या मार्गाचेही गुण मान्य केले पाहिजेत. भामरागडच्या शिक्षकाला ठाण्याच्या शिक्षकाइतकेच चांगले व्याख्यान ऐकता येते आणि न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो. तथापि पडदा बोलतो, ऐकत नाही. चित्रफीत एकीकडे चालू आणि निकालपत्रके दुसरीकडे भरणे चालू, असे झाले तरी प्रमाणपत्र मिळायचे ते मिळतेच. किती जणांनी पाठ पूर्ण केले हे त्यातून अचूक कळते. किती वर्गांत काही बदलले हे मात्र कळत नाही.

हा पेच नवा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही दिले गेले. त्या योजकांनी सारी भिस्त पडद्यावर ठेवली नव्हती. कार्यक्रमाला नभोवाणीची, छापील साहित्याची आणि हाताने करावयाच्या प्रयोगांची जोड होती. शंकानिरसनासाठी मार्गदर्शक जागेवर होते. साधन नवे असले म्हणून ते एकटे पुरे पडेल, असा भ्रम त्यांना झाला नाही.

अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी शिक्षक-प्रशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेऊन १९८० साली प्रशिक्षणाची पाच अंगे सांगितली : तत्त्व समजावणे, करून दाखविणे, सराव, त्या सरावावर अभिप्राय आणि प्रत्यक्ष वर्गात शेजारी उभे राहून केलेले साहाय्य. नवे कौशल्य वर्गात उतरायचे तर अखेरचे अंग टाळता येत नाही, हे त्यांच्या मांडणीचे सार. कचेरीतल्या लिपिकाला हे कळायला संशोधनाची गरज नाही. मिनिटाला ३० मराठी शब्दांची परीक्षा टंकलेखनावरील व्याख्यान ऐकून कोणी उत्तीर्ण झालेले नाही. बोटे कळांवर ठेवावी लागली आणि चुकलेले बोट कोणी तरी दाखवावे लागले.

म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न खर्चाचा किंवा संख्येचा नसावा. प्रशिक्षणानंतर शिक्षकाला काय करता आले पाहिजे, हा असावा. नव्या नियमाची माहिती द्यायची असेल तर छापील परिपत्रक पुरे. त्यासाठी शंभर शिक्षकांना वर्गाबाहेर काढू नये. उत्तम पाठ दाखवायचा असेल तर चित्रफितीसारखे साधन नाही. सराव हवा असेल तर केंद्रातील शिक्षकांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेत एकमेकांसमोर पाठ घ्यावेत. आणि सवय बदलायची असेल, तर जाणत्या माणसाने वर्गात येऊन बसण्याला पर्याय नाही. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपविणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया मिळावा, असे ठरविले. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकासमोर जोडाक्षरापाशी अडलेले मूल बसलेले असते. ते नेमके कोठे अडले हे त्या वर्गात बसलेल्यालाच दिसेल.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. पण नवी यंत्रणा उभारण्याची गरजच नाही. केंद्रप्रमुख हे पद त्याच हेतूने आहे. त्याला माहितीचे तक्ते गोळा करण्यातून मोकळे केले, आणि ५० तासांपैकी निदान १० तास वर्गातील भेट व त्यावरील चर्चेसाठी राखले, तर उरलेल्या ४० तासांनाही अर्थ येईल. मात्र ही भेट तपासणीची असता कामा नये. वही-पेन घेऊन चुका टिपणाऱ्यासमोर कोणीही शिक्षक आपली अडचण उघडी करीत नाही.

प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते, म्हणून ती मोजली जातात. परंतु ५० तासांचा खरा हिशोब संगणकावर मांडता येणार नाही. जोडाक्षरापाशी अडलेले ते मूल पुढची ओळ वाचू लागले की नाही, यावरच तो जुळेल.