परक्यांचे देव आणि प्राचीनांचा व्यवहार

अनेक देव मानणारे समाज स्वभावतःच सहिष्णु असतात आणि धर्मद्वेष हा एकेश्वरवादाबरोबरच जगात आला, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात चांगलीच रूढ आहे. सभासंमेलनांतून ती इतक्या आत्मविश्वासाने मांडली जाते की, तिची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. या समजुतीत मुळीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु प्राचीन लोक परक्यांच्या देवांना मान देत एवढेच सांगितले आणि तो का देत हा प्रश्न टाळला, तर अर्धेच सत्य हाती लागते.

इ. स. पूर्व १२५९ च्या सुमारास इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्तींचा तिसरा हत्तुसिली या दोन राजांमध्ये तह झाला. त्याचा एक पाठ कार्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला आहे, तर दुसरा तुर्कस्तानातील बोगाझकोई येथे मातीच्या विटांवर सापडला. या तहाला साक्षी म्हणून हित्तींचे सहस्र देव व इजिप्तचे सहस्र देव यांना पाचारण केले आहे. इजिप्शियन लेखकाने तर हित्तींच्या वादळदेवतेला सरळ आपल्या सेथ या देवाचे नाव देऊन टाकले. हे औदार्य नव्हते. दोन सार्वभौम राजांच्या वर कोणतेही न्यायासन नसताना, करार मोडणाऱ्यास शासन कोण करणार? ज्याच्या नावाने शपथ वाहायची त्या देवाचे भय शपथ वाहणाऱ्यास हवे. प्रतिपक्षाचा देव खोटा म्हटला की त्याची शपथही खोटी ठरते आणि तहाचा कागद कवडीमोल होतो!

त्याच बोगाझकोईतील इ. स. पूर्व चौदाव्या शतकातील हित्ती-मितन्नी तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे आढळतात. या नावांचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो. परंतु ती तेथे स्तोत्रात आलेली नाहीत, करारपत्रात साक्षीदारांच्या यादीत आलेली आहेत, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. मेसोपोटेमियातील लेखनिकांनी एका भाषेतील देव दुसऱ्या भाषेत कोणता, याच्या याद्या तयार केल्या होत्या. चलनांच्या विनिमयदराची कोष्टके पाहण्याची सवय असलेल्यास त्या फारशा अनोळखी वाटणार नाहीत.

व्यापाराची साक्ष याहून स्पष्ट आहे. इ. स. पूर्व ३३३ मध्ये सायप्रसमधील किटिऑन येथील व्यापाऱ्यांनी अथेन्सच्या लोकसभेपुढे अर्ज केला की, आपल्याला ॲफ्रोडाइटीचे देऊळ बांधण्यासाठी जमीन घेऊ द्यावी. परकीयांना तेथे खास परवानगीवाचून जमीन घेता येत नसे. इजिप्शियनांनी यापूर्वी इसिसचे देऊळ बांधले होते, तो दाखला पुढे करण्यात आला आणि लायकर्गसच्या ठरावाने परवानगी मिळाली. अथेन्सचे पोट आयात धान्यावर चालत असे. पिरियस बंदरात गलबते आणणारा व्यापारी नाराज होणे त्या नगरीला परवडण्यासारखे नव्हते. याच अथेन्सने इ. स. पूर्व ३९९ मध्ये आपल्याच एका नागरिकाला, सॉक्रेटिसाला, नगराचे देव न मानणे व नवी दैवते आणणे या आरोपांखाली विष दिले होते. परक्या व्यापाऱ्याला जी मोकळीक, ती घरच्या तत्त्वज्ञाला नव्हती.

सर्वच गोष्टी हिशेबात बसतात असा मात्र दावा नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस विदिशा येथे आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला व स्वतःला भागवत म्हणविले. ही राजनीती की भक्ती, हे त्या स्तंभावरून ठरविता येत नाही. भक्ती असेल तर ती खरीच होती असे मानावयास हरकत नसावी.

युद्धात मात्र हाच व्यवहार उलटा फिरे. इ. स. पूर्व ६८९ मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त करताना आपल्या सैन्याने तेथील देवमूर्ती फोडल्या, असे असीरियाच्या सेनाखेरिबने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वास्तविक तो त्याच देवमंडळाला मानणारा होता. रोमनांची रीत अधिक सभ्य. वेढा घातलेल्या नगराच्या देवतेलाच ते अधिक चांगल्या देवळाचे आमिष दाखवून आपल्याकडे बोलावीत. इ. स. पूर्व ३९६ मध्ये वेई पडल्यावर तेथील जुनो रोमला नेण्यात आली. येतेस का, असे विचारताच मूर्तीने मान डोलावली, अशी कथा पुढे सांगितली गेली. नगर लुटले गेले, देवीचा मात्र सन्मान झाला.

रोमनांच्या या आतिथ्याला मर्यादा कोठे होती, हे इ. स. पूर्व १८६ मधील सेनेटच्या हुकुमावरून दिसते. बॅकस हा देव रोमला परका राहिलेला नव्हता आणि त्या हुकुमाने त्याची पूजा सर्वस्वी बंदही केली नाही. बंदी आली ती त्याच्या भक्तांनी सामायिक निधी ठेवण्यावर, पदाधिकारी नेमण्यावर, आपसांत शपथा घेण्यावर. सेनेटच्या परवानगीवाचून पूजेला पाचांहून अधिक माणसे जमता कामा नयेत, असे त्या काशाच्या पत्र्यावर आजही वाचता येते: दोन पुरुष आणि तीन स्त्रिया.