पॅकिंग नवं, तरी तेल गळतंय? अशी गाडी घाटात नेऊ नका

गणपती तोंडावर आले आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूरकडून कोकणात निघणाऱ्या प्रत्येक गाडीमालकाला कळकळीची विनंती आहे, मग गाडी शंभर सीसीची दुचाकी असो, रिक्षा असो की घरच्या सात माणसांची चारचाकी. इंजिनचं पॅकिंग, म्हणजे गॅसकेट, नुकतंच बदललं असेल आणि तरीही तेल झिरपत असेल, तर ती गाडी घेऊन घाट चढू नका. आधी ती पुन्हा उघडून घ्या. आणि पॅकिंग अजून बदलायचंच असेल, तर ते काम आज-उद्या उरका. निघण्याच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

आदल्या रात्रीवर इतका जोर देण्याला कारण आहे. सणाच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. गाडी रात्री उशिरा हातात येते आणि पहाटे सामान भरून निघायचं असतं. पॅकिंगच्या कोपऱ्यांना लावलेल्या सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, म्हणून ते सुकलं असं वाटतं. प्रत्यक्षात आतपर्यंत पक्कं व्हायला सर्वसाधारण सिलिकॉनला सुमारे २४ तास लागतात. त्याआधी गाडी पळवली तर गरम तेल कच्च्या सिलिकॉनमधून वाट काढतं. मग वरून कितीही थर फासा, ती वाट बुजत नाही, कारण तेलकट धातूवर सिलिकॉन धरतच नाही.

‘जुनी गाडी आहे, थोडं गळणारच,’ हे उत्तर कृपया मान्य करू नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीत तेल असतं जेमतेम लिटरभर. वाटेत पाव लिटर गळलं तर चौथा हिस्सा गेला. चारचाकीत डीपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत बहुधा एक लिटरच्या आसपास फरक असतो, त्यामुळे खालच्या खुणेपाशी असलेली गाडी लांबच्या प्रवासाला मुळात कमी तेलावर निघते. घाटात इंजिन भार ओढतं, तापतं, तेल पातळ होतं, इंजिनच्या पोटातला दाब वाढतो. गाडीचं तोंड वर असल्याने तेल मागच्या बाजूला साचतं. गल्लीत थेंब-थेंब गळणारी गाडी कुंभार्लीत किंवा आंबोलीत धार लावू शकते, ती अशी. ते तेल एक्झॉस्टवर ठिबकलं तर आधी धूर येतो, आणि गोष्ट धुरावर थांबेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. इंजिन तेलाची वाफ साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याजोगी होते, आणि चढ चढणाऱ्या इंजिनचा एक्झॉस्ट त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मागून येणाऱ्याची. पावसाने भिजलेल्या वळणावर तेलाचा पातळ पट्टा दिसतही नाही. चारचाकी त्यावरून निघून जाते. दुचाकी आडवी होते, आणि तिच्यावर बहुतेक वेळा एकटा माणूस नसतो. शहरात असं तेल सांडलं की अग्निशमन दलाचे जवान येऊन माती किंवा भुसा टाकतात. ताम्हिणीत रात्री अकरा वाजता ते कोण टाकणार? दुचाकीचं तेल तर तिच्या स्वतःच्याच मागच्या चाकावर उडतं. म्हणून दुचाकीस्वारांना वेगळी विनंती: इंजिनखाली ओल दिसली की मागच्या टायरची कड आधी बघा.

आता गळती शोधायची कशी? आज रात्री सपाट जागी गाडी लावा आणि इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग पडला असेल तर त्याची जागा आणि रंग पाहा. मात्र डागाच्या बरोबर वरचा भाग दोषी धरू नका. स्लॅबला ओल जिथे दिसते तिथेच भेग असते असं नाही, तसंच हे आहे: तेल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. ओला भाग जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे सुरू होतो, तिथे मूळ असण्याची शक्यता जास्त. इंजिन थंड असताना बाहेरून स्वच्छ धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, थोडा वेळ इंजिन चालवा आणि बंद करून पाहा. पावडरीवर पहिली काळी रेघ उमटते ती खरी जागा. कित्येकदा ती नव्या पॅकिंगची नसतेच. चारचाकीत ऑईल प्रेशरचा स्विच किंवा कॅमचं सील गळत असतं, दुचाकीत किकच्या किंवा गिअरच्या शाफ्टचं सील, आणि दोष पॅकिंगच्या माथी येतो.

जागा पॅकिंगचीच निघाली, तरी पॅकिंग खराब होतं असं लगेच ठरवू नका. दुकानातून आणखी एक आणून तसंच बसवलं तर तेही गळेल. जुन्या कागदी पॅकिंगचा नखाएवढा तुकडा क्लच कव्हरला चिकटून राहिला, तर नवं तिथे बसतच नाही. तो काढताना लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला, तर त्या ओरखड्यातून तेल येतं. कव्हर वाकलेलं असतं आणि सरळ पट्टी लावून कोणी पाहिलेलं नसतं. ऑईल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी चढली, तर दाब आल्याबरोबर सगळं तेल काही मिनिटांत बाहेर पडू शकतं. ड्रेन बोल्टचा चपटा झालेला जुना वायसर पुन्हा लावला की तिथूनही ठिबकतं.

यात सर्वांत जास्त नुकसान करतो तो जादा जोर. टॅपेट कव्हरचे बोल्ट लहान असतात. सहा मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेतीन किलोच्या आसपास भार. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गळतंय म्हणून आणखी आवळलं की रबर दाबाने बाहेर सरकतं, कव्हर वाकतं, ॲल्युमिनियममधले आटे जातात, आणि दोन तासांच्या कामाचं दोन दिवसांचं काम होतं. गाडी तुम्ही घरी उघडत असाल तर पान्याला पाइप लावून ताकद वाढवू नका.

एक कारण हमखास नजरेतून सुटतं, ते म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या कडेने थोडा वायू इंजिनच्या पोटात उतरतच असतो आणि तो ब्रीदरच्या नळीने बाहेर जातो. ती नळी किंवा तिचा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, की तोच दाब तेलाला सर्वांत कमकुवत सांध्यातून ढकलतो. तिथे तुम्ही कितीही उत्तम पॅकिंग लावा, ते हरणार. तेल वरच्या खुणेच्याही वर भरलं असेल तरीही गळती वाढू शकते. त्यामुळे पॅकिंगसाठी इंजिन दुसऱ्यांदा उघडण्याआधी ब्रीदर साफ करून पाहा, तेलाची पातळी बघा. हे जवळपास फुकटात होतं.

गॅरेजमधल्या बंधूंनो, तुमच्यावर या दिवसांत किती ताण असतो याची जाणीव ठेवूनच लिहितो आहे. सिलिकॉन मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच लावा, बहुधा ते कोपऱ्यांवर आणि सांध्यांवर ठिपक्याएवढंच असतं. जास्त लावलेलं आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि चेंबरमधल्या गाळणीवर जाऊन बसतं; मग बाहेर एक थेंबही न गळता इंजिन तेलावाचून जाम होतं. पृष्ठभाग घासायला मशीनवरची खरखरीत चकती वापरू नका, तिची पूड तेलात मिसळून बेअरिंग खाते. काढलेलं काळं तेल गटारात ओतू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते येतं, अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवं. आणि गिऱ्हाईक घाई करत असलं तरी ‘उद्यापर्यंत गाडी चालवू नका’ हे स्पष्ट सांगा, जमल्यास बिलावरच लिहून द्या.

गाडीमालकांनो, मेकॅनिक असं म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. तो तुमचंच काम नीट करतो आहे. काम झाल्यावर गावातल्या गावात तीस-चाळीस किलोमीटर फिरवा, रात्री पुठ्ठा पुन्हा ठेवा आणि कोरडा निघाला तरच निघायची तयारी करा. डाग पडलाच, तर एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट पाहा, शेजाऱ्याच्या गाडीत जागा मागा. बाप्पा चार तास उशिरा पोहोचलेल्यांचाही नमस्कार घेतात.

आणि वाटेत तेलाचा लाल दिवा लागलाच, तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणू नका. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. गाडी वळणापासून दूर, कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. जळका वास किंवा धूर असेल तर सगळ्यांना उतरवून लांब न्या, बॉनेट उघडायला जाऊ नका. मागे अंतर ठेवून त्रिकोण उभा करा, दिवे चमकते ठेवा. रस्त्यावर तेल सांडलं असेल आणि वाहतुकीतून सुरक्षित जाता येत असेल, तर कडेची माती त्यावर टाका. जाता येत नसेल तर ११२ वर फोन करून घाटाचं नाव आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.