विचारायची लाज कुठून येते?

माझा भाचा तीन वर्षांचा होता, तेव्हा बरणीचं झाकण निघालं नाही की सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवायचा. "खाला, खोल के देव." आता तो दुसरीत आहे. परवा हातच्याच्या वजाबाकीपुढे पाऊण तास बसला आणि "मला येतंय" म्हणत वही मिटली. वही कोरी होती.

लहान मुलांना अवघड काय ते कळत नाही, असं आपण समजतो. तसं नाही. 2016 साली पॅरिसच्या संशोधकांनी वीस महिन्यांच्या बाळांसमोर दोन खोके ठेवून एकात खेळणं लपवलं. कुठं आहे ते बाळानं बोटानं दाखवायचं. लपवताना पाहिलंच नसेल किंवा मध्ये जास्त वेळ गेला असेल, तर ही बाळं मदतीसाठी सोबतच्या पालकाकडे बघत. नीट बोलताही न येणाऱ्या जिवाला आपल्याला काय माहीत नाही हे उमगतं!

मग पुढं बिघडतं कुठं? अमेरिकेत कायला गुड आणि ॲलेक्स शॉ यांनी मुलांना दोन पात्रांची गोष्ट सांगितली: एकाला खरंच हुशार व्हायचंय, दुसऱ्याला फक्त हुशार दिसायचंय. वर्गात सगळ्यांसमोर मदत कोण मागेल? चार वर्षांच्या मुलांना दोघं सारखेच वाटले. सात-आठ वर्षांची मुलं मात्र म्हणाली, ज्याला हुशार दिसायचंय तो मागणार नाही. गुपचूप, कॉम्प्युटरवर विचारता आलं तर मागेल.

ही अक्कल मुलांना आपणच देतो. "इतकं सोपंय, एवढंही येत नाही?" हे मीच त्याला कितीदा म्हटलंय. सोपं म्हटलं की विचारायची वाटच बंद. त्यात आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत दखनी आणि शाळेत मराठी. गणित अडलं तरी प्रश्न आधी मराठीत जुळवायचा, आणि लिंग चुकलं की वर्ग हसतो. असं मूल गप्प बसलं की शेरा मिळतो, 'अभ्यासात लक्ष नाही'. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो.

म्हणून घरात धाकटी भावंडं असतील तर "समजलं का?" विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. शेजारी बसून हळूच विचारा, "कुठपर्यंत जमलं?" आणि अख्खं गणित सोडवून देऊ नका, फक्त अडलेली पायरी दाखवा.

काल भाच्यानं वही आणली. एककाच्या घरावर बोट ठेवून म्हणाला, "खाला, यहां तक आया."