मोठा दवाखाना हवाच, पण वाडीजवळचा बंद करून नको

पनवेलच्या ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय झालं, चांगलंच झालं. ऑपरेशनला, अडलेल्या बाळंतिणीला मोठा दवाखाना लागतोच. पण म्हणून 'सगळ्या सोयी पनवेललाच एका जागी आणू, बाहेरची केंद्रं कशाला?' असं कुणी म्हणालं, तर मान डोलवू नका.

माथेरानच्या पायथ्याला, धोदाणीकडच्या वाडीत रात्री साप चावला, तर माणूस आधी झोळीतून रस्त्यापर्यंत येणार. पनवेलच्या वाटेवर नेरे लागतं. तिथे डॉक्टर आणि सापाच्या विषावरची लस हजर असेल, तर जीव वाचतो. पनवेलचं मशीन कितीही नवं असो, ते वाडीवर चालत येत नाही. आणि सगळं एकाच जागी ठेवलं, की ती जागा अडली तर सगळंच अडतं. 2020 साली हेच रुग्णालय कोविडसाठी राखलं, तेव्हा बाकीच्या रोग्यांना दुसरं दार शोधावं लागलं.

सरकारचंच माप आहे: डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकांमागे उपकेंद्र, 20,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र. 'जागा जंगल खात्याची आहे' हे कारणही चालत नाही. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) बघा. दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते.

म्हणजे सुरुवात आपणच करायची. दळी जमिनीचे दावे टाकले, तसाच येत्या ग्रामसभेत उपकेंद्राचा ठराव घ्या. आणि पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.