आवाज कुठून येतो ते नंतर, केव्हा येतो ते आधी

जुन्या डिझेल पिकअपमधून नवाच आवाज यायला लागला, की बहुतेक मालक दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण टेप मोठा करून सीझन संपेपर्यंत कांदा-टोमॅटो ओढत राहतात. काही जण घाबरून थेट गॅरेजात जातात आणि ‘इंजिन बघा’ एवढंच सांगून किल्ली देऊन टाकतात. पहिल्या प्रकारात इंजिन जातं, दुसऱ्यात अनेकदा नको ते खोललं जातं. गॅरेजची वाट धरण्याआधी अर्ध्या तासाचं, बिनखर्चाचं एक काम आहे. तेवढं करा, एवढीच विनंती.

आवाज आला की आपण बॉनेट उघडून वाकतो आणि तो कुठून येतोय ते शोधायला लागतो. पण सगळं इंजिन एकमेकांना घट्ट बोल्ट केलेलं लोखंड आहे. खालच्या बेअरिंगचा ठोका वर हेडपर्यंत चढतो, अल्टरनेटरची घरघर पंपातून आल्यासारखी वाटते. जागेच्या बाबतीत कान हमखास फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही. म्हणून आधी आवाज केव्हा येतो ते बघा. थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की माल भरून घाट चढताना? उभ्या गाडीत रेस दिली तरी येतो, की गाडी चालतानाच? क्लच दाबल्यावर थांबतो की सुरू होतो? ही उत्तरं कागदावर लिहिलीत तर निम्मं निदान तिथंच होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डिझेल इंजिन मुळातच आवाजी असतं. त्यात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. फवारल्यापासून पेटेपर्यंत क्षणाचाही छोटा भाग जातो, आणि तेवढ्यात जमलेलं डिझेल एकदम भडकतं. तीच आपली ओळखीची खडखड. इंजिन थंड असलं की पेटायला उशीर होतो, जास्त डिझेल जमतं, म्हणून हिवाळ्यात सकाळी गाडी जास्त वाजते. दोन-चार मिनिटांत ती खडखड उतरत असेल तर काळजी करू नका. छोटा हत्ती चालवणाऱ्यांनी तर आणखी एक लक्षात ठेवावं. २००५मध्ये आलेल्या त्या गाडीत ७०२ सीसीचं दोनच सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, आणि दोन सिलिंडर म्हटल्यावर थोडी थरथर आलीच. शेजारच्या चार सिलिंडरच्या पिकअपशी तुलना करून तिचं इंजिन खोलायला देऊ नका.

आता ऐकत बसायचं नाही, लगेच गाडी थांबवायची, अशा दोन वेळा. ऑइलचा लाल दिवा लागला आणि खालून जड, घणासारखा ठोका ऐकू आला, तर पुढचं गाव, पुढचा पंप, ‘एवढा माल टाकून येतो’ असलं काही नाही. बाजूला घ्या, बंद करा, ऑइलची पट्टी बघा. पट्टीवर ऑइल बरोबर असलं तरी चालू करू नका, ओढून न्या. ऑइलचा दाब गेलेला असताना आणखी पाच किलोमीटर चालवण्याची किंमत क्रँकशाफ्ट असू शकते.

दुसरी वेळ क्वचित येते, पण आली तर भीतीदायक असते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन आपोआप रेस घेत सुटतं, मागून पांढरा-निळा धूर निघतो आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. झिजलेल्या टर्बोतून किंवा रिंगांमधून इंजिनचं स्वतःचं ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन त्यावरच चालू लागतं. ठिणगी लागतच नाही, मग किल्लीने बंद काय होणार? गाडी गियरमध्ये असेल तर क्लच दाबू नका, ब्रेक जोरात दाबून इंजिन बंद पाडा. गाडी उभी असेल तर हँडब्रेक लावा, पायाने ब्रेक दाबून धरा, वरचा गियर टाका आणि क्लच सोडा. तरी थांबलं नाही तर माणसांना लांब करा. हवा जाते त्या तोंडावर हात किंवा फडकं ठेवायला जाऊ नका.

बाकी सगळ्या आवाजांना वेळ देता येतो.

सकाळी ठकठक येते आणि इंजिन गरम झालं की जाते, तर बहुधा पिस्टन लायनरमध्ये सैल झालाय. गरम झाल्यावर पिस्टन फुगतो, फट कमी होते, आवाज विरतो. अशी गाडी ऑइल जास्त खात नसेल, ओढायला बरी असेल, तर आणखी बराच काळ चालते. याच्या उलट, सकाळी गाडी शांत असते आणि गरम झाल्यावर, भार पडल्यावर ठोका वाढतो, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्या. गरम ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगमधली फट भरून काढायला ते पुरत नाही. दोन्ही ठोके कानाला जवळजवळ सारखेच लागतात, आणि खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. फक्त ‘ठोका येतो’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री कुठला धरेल?

थंड असताना वरून बारीक टिक-टिक येते, भार दिला की वाढते, गरम झाल्यावर कमी होते, तर टॅपेटआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. तिथून गळणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो, आणि धातू तापून फुगला की फट बुजते. जवळपास काजळीचा पट्टा दिसेल. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फस्-फस् आवाज असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. तो स्वस्तात बदलतो, पण तसाच ठेवला तर बसायची जागा खराब होते आणि मग काम वाढतं.

टॅपेटबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे चांगले चांगले चालक फसतात. टॅपेट वाजतात म्हणून ‘जरा टाइट करून टाका’ असं सांगू नका. फट गरजेपेक्षा कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, गप्प केलेला महागात पडू शकतो. फिलर गेज लावून, तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच फट लावून घ्या, आणि ते माप थंड इंजिनाचं आहे की गरम, तेही विचारा.

क्लचची परीक्षा तर घरबसल्या होते. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच दाबला की घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबला की थांबत आणि सोडला की येत असेल तर गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बघा. गाडी उचलताना किंवा रिव्हर्सला टाकताना ‘कट्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. इंजिन बंद करताना ‘धप्’ होत असेल तर फाउंडेशनचे रबर. यातलं एकही काम इंजिन खोलण्याचं नाही.

चिरका किंवा घासल्यासारखा आवाज असेल तर बेल्टवर पाण्याचे चार थेंब टाका, हात आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब ठेवूनच. आवाज क्षणभर बदलला तर बेल्ट. नाहीतर गाडी थंड असताना बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर तो अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा पुलीचा आहे. अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका, पाणी फिरत नसतं. आणि बेल्ट काढून गाडी हलवू तर नकाच. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, बेल्ट नसला की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. त्याच कारणाने, अल्टरनेटरच्या बाजूने टकटक आणि सोबत ब्रेक कडक लागायला लागला, तर ती तक्रार आवाजाची नसून ब्रेकची समजा आणि त्याच दिवशी काम करून घ्या.

आता ठोका कुठल्या सिलिंडरचा ते शोधण्याची जुनी पद्धत. एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा, म्हणजे तो सिलिंडर काम करेनासा होतो. ठोका दबला तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. तो नोझलचा असेल किंवा रॉडचा. तीक्ष्ण ठोका आणि काळा धूर असेल तर नोझल आधी तपासून घ्या, सुई अडकून थेंब गळत असला तरी असाच आवाज येतो आणि ते काम पंप-नोझलवाल्याकडे भागतं. ही पद्धत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर, जाणत्या मिस्त्रीनेच करावी. कॉमन रेल गाडीच्या पाइपला चालू इंजिनात पाना लावायचाच नाही, तिथला दाब १००० बारच्याही वर जातो. आणि कुठल्याही डिझेल इंजिनावर, उडणारा फवारा बोटाने चाचपून बघू नका. डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरगुती मलमपट्टी न करता त्याच तासात मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘डिझेल प्रेशरने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

सकाळचा आवाज गॅरेजपर्यंत पोचत नाही, ही नेहमीची रड. वाटेत इंजिन गरम होतं आणि मिस्त्रीसमोर गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणून गाडी रात्रीच गॅरेजात लावून या आणि सकाळी पहिली चावी मिस्त्रीलाच मारू द्या. मोबाइलवर रेकॉर्डिंगही करून ठेवा, पण सोबत बोलून नोंदवा: इंजिन थंड की गरम, गाडीत माल किती, गियर कुठला.

मिस्त्री ‘रॉड बेअरिंग गेलंय, खोलावं लागेल’ म्हणाला तर रागावू नका, खरंही असेल. पण खोलण्याआधी दोन गोष्टी मागा. ऑइल सेन्सरच्या जागी गेज लावून, गरम इंजिनात दाब मोजून दाखवा. आणि ऑइल फिल्टर कापून, त्याची घडी उलगडून उजेडात बघू द्या. चकाकणारे बारीक कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. बेअरिंगचा पांढरा किंवा तांबूस धातू चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं ते लोखंड, ते दुसरीकडून कुठून तरी आलंय. बेअरिंग वेळेत सापडलं तर कधी क्रँक घासून ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंगवर भागतं. काम झाल्यावर जुनी बेअरिंगं मागून घ्या.

सेकंड हँड पिकअप घेणाऱ्यांनी चालू करण्याआधी इंजिनवर हात ठेवून बघावा. जाड ऑइल भरून आणि इंजिन तापवून ठोका झाकता येतो. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली’ असं मालक म्हणाला, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर परत जा.