दिवा साक्षीदार होता

मागच्या आठवड्यात मोबाइलवर बोट फिरवताना लागोपाठ तीन रील्स समोर आल्या. ‘तुमचा पार्टनर तुम्हाला गॅसलाइट करतोय याची पाच लक्षणं.’ ‘आईवडील गॅसलाइट करतात ते असं.’ तिसरीत एक मुलगा डोळ्यांत पाणी आणून सांगत होता की मित्रांनी त्याला ट्रिपची तारीख चुकीची सांगितली आणि त्याच्याशिवाय निघून गेले, हे गॅसलाइटिंग आहे. नाही रे बाबा. याला मराठीत गंडवणं म्हणतात.

मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ साली ‘गॅसलाइटिंग’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द गाजला याचं मला काही वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या सिनेमामुळे हा शब्द जगभर पोचला, त्यात गॅसचा दिवा नेमकं काय करतो हेच आपण उलटं समजून बसलोय. आणि ते उलटं समजणं आपल्या सोयीचं आहे.

सिनेमा ‘गॅसलाइट’. १९४४ साल, कृष्णधवल, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टनचं, १९३८ मधलं. त्यावर ब्रिटनमध्ये १९४० सालीही एक सिनेमा निघाला होता, पण मी बोलतोय तो हॉलिवूडचा, ज्यासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे. ऐंशी वर्षं बघितला नाहीत, आता कुरकुर नको.

लंडनमधलं एक घर. पॉलाच्या मावशीचा, एका नावाजलेल्या गायिकेचा, तिथे खून झालेला. बऱ्याच वर्षांनी पॉला इटलीत ग्रेगरी नावाच्या पियानोवादकाच्या प्रेमात पडते, जेमतेम ओळखीवर लग्न करते आणि त्याच्या आग्रहाखातर त्याच घरात राहायला येते. मावशीचं सगळं सामान माळ्यावर टाकून माळा बंद केला जातो. मग वस्तू हरवायला लागतात. पर्समधला ब्रोच. भिंतीवरचं चित्र. एका मैफलीत ग्रेगरीचं घड्याळ नाहीसं होतं आणि पॉलाच्या पर्समध्ये सापडतं. दर वेळी ग्रेगरीचा तोच दुःखी, समजूतदार चेहरा: तू पुन्हा विसरलीस. आणि रोज रात्री तो बाहेर गेला की तिच्या खोलीतल्या गॅसच्या दिव्याची ज्योत खाली जाते आणि छतावर पावलं वाजतात.

आता कुणालाही विचारा, या सिनेमात काय होतं? उत्तर ठरलेलं: नवरा मुद्दाम दिवे मंद करतो आणि बायकोला म्हणतो, तुला भास होतोय.

चूक. ग्रेगरी दिवा मंद करत नाही. तो पुढच्या दाराने बाहेर पडतो, शेजारच्या रिकाम्या घरात शिरतो आणि छपरावरून स्वतःच्याच घराच्या माळ्यावर उतरतो. मावशीचा खून त्यानेच केलाय, तिच्या दागिन्यांसाठी. ते अजून सापडलेले नाहीत. अंधारात शोधणार कसे? म्हणून तो माळ्यावरचा दिवा लावतो. घरात गॅसची नळी एकच. वर ज्योत पेटली की दाब वाटला जातो आणि खालची ज्योत उतरते. ब्रोच, चित्र, घड्याळ हा त्याचा डाव आहे. दिवा ही त्याची चूक आहे. त्या घरात ग्रेगरीविरुद्धचा पुरावा भिंतीवर रोज रात्री जळतोय.

आमच्या धंद्यात असल्या खुणांवरच पोट चालतं. रात्री दोन वाजता ॲप अचानक संथ झालं, तर आपला कोड तपासून झाल्यावर पहिला प्रश्न हाच: याच डेटाबेसवर दुसरं कोण काय चालवतंय? पॉला नेमकं हेच करते. ती घरातल्या बाईला विचारते, तू दुसरीकडे कुठे दिवा लावलास का? प्रश्न शंभर टक्के बरोबर. उत्तरही प्रामाणिक: नाही. माळा बंद आहे हे सगळ्यांना माहीत. म्हणजे उरलं काय? माझंच डोकं.

म्हणून त्या रील्सच्या शेवटी येणारा सल्ला मला क्रूर वाटतो. ‘स्वतःवर विश्वास ठेवा, आतला आवाज ऐका.’ अहो, पॉलाचा आतला आवाज आता ग्रेगरीच्या सुरात बोलतोय. ज्या काट्यावर वजन करायचं तोच बिघडवलाय, आणि तुम्ही म्हणता नीट वजन कर.

पॉला वाचते ती वेगळ्याच गोष्टीने. स्कॉटलंड यार्डचा ब्रायन कॅमरन एका रात्री तिच्या खोलीत येतो. ज्योत खाली जाते, आणि ती त्यालाही दिसते. बस्स. त्या क्षणी बर्गमनचा चेहरा बघा. आत कोंडलेला श्वास कित्येक महिन्यांनी सुटल्यासारखा. कॅमरनने अजून कुणाला पकडलेलं नाही, काही सिद्ध केलेलं नाही. त्याने फक्त म्हटलंय की हो, मलाही दिसलं.

लगेच पुढे सिनेमातली सगळ्यात भयंकर जागा येते. ग्रेगरी परततो. पॉला म्हणते, इथे एक माणूस आला होता. स्वयंपाकीण एलिझाबेथला विचारलं जातं. बाई भली आहे, मालकिणीला वाचवायला बघते आणि सांगते: कुणी नव्हतं आलं. पॉला कोसळते. म्हणजे तेही स्वप्नच होतं! ग्रेगरीला इतके महिने पूर्ण न जमलेलं काम एका भल्या बाईच्या एका वाक्याने होतं.

ही जागा मी दोनदा मागे नेऊन पाहिली. कारण मी एलिझाबेथ होतो. खरं तर तिच्याहून वाईट.

मागच्या एका कंपनीत, रिलीजच्या आधीच्या मीटिंगमध्ये आमच्या लीडने एक तपासणी गाळायला सांगितली. वेळ नव्हता. तोंडी सांगितलं, मेल नाही. पुढे प्रॉडक्शनवर तेच फुटलं. लीड शांतपणे माझ्या सहकारी मुलीला म्हणाला, “मी असं कधी म्हणालोच नाही. तुझं हल्ली लक्ष नसतं.” चहाच्या टपरीवर तिने मला विचारलं, “तू होतास ना? ते म्हणाले होते ना?” मला शब्द न् शब्द आठवत होता. अप्रेझल तीन आठवड्यांवर होतं. मी म्हणालो, “नीट नाही गं आठवत.”

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायला लागली. पाठवलेली मेल पुन्हा पुन्हा उघडून वाचायची. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. ती गेली त्या संध्याकाळी मित्रांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘लीड तिला सरळ सरळ गॅसलाइट करत होता.’ त्यावर सतरा हार्ट आले.

म्हणून म्हणतो, ती उलटी समजूत सोयीची आहे. दिवा नवऱ्याचं हत्यार असेल तर गोष्टीत दोनच माणसं उरतात, एक राक्षस आणि एक बळी. बाकी आपण प्रेक्षक, लेबल वाटायला मोकळे. पण दिवा साक्षीदार असेल तर खोलीतल्या प्रत्येकाला प्रश्न आहे: तुला दिसलं का? लेबल फुकट असतं. साक्षीची किंमत पडते, कधी अप्रेझलइतकी, कधी घरातल्या मोठ्यांच्या अबोल्याइतकी.

आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे. आपण म्हणतो, ‘तिला वेड्यात काढलं.’ कोणी काढलं? बहुतेक वेळा ‘सगळ्यांनी’. एकट्याने कुणाला वेड्यात काढणं फार अवघड. एकजण बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात, तेव्हा ते जमतं.

मान्य, या शब्दाने कित्येकांना, विशेषतः बायकांना, स्वतःच्या आयुष्यातली एक न सांगता येणारी गोष्ट पहिल्यांदा सांगता आली. तो शब्द काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण चुकीच्या तारखेलाही तोच शब्द आणि पॉलालाही तोच, तर खरी पॉला बोलेल तेव्हा आपण म्हणू, ‘हल्ली सगळेच म्हणतात.’ तिला पुन्हा वेड्यात काढायला तेवढं पुरेल.

गेल्या महिन्यात मी त्या सहकारी मुलीला फोन केला. म्हणालो, “मला आठवत होतं.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती वही मी अजून लिहिते.”

माझ्या माफीने ती वही बंद होणार नाही. तेव्हा टपरीवर “हो, म्हणाले होते” एवढं म्हटलं असतं, तर कदाचित ती उघडलीच नसती.